फुंकून पाहिलेला पाइप

“...मगे आता तुमीच सांगा वस्ताद, ह्येच्यात माझी चूक खय इली?”

भालूने मांडीवर थाप मारून विचारलं आणि कपाळावरचा घाम पुसला. उत्तर काय यायला हवं ते त्याने घरून निघतानाच ठरवून ठेवलं होतं. ते फक्त मिंगेल वस्तादांच्या तोंडून यायचं बाकी होतं.

वस्तादांनी मान वर केली नाही. ते खाली बघत होते.

मांगराच्या, म्हणजे वस्तादांच्या कामाच्या खोपीच्या, जमिनीवर, गोणपाटावर, अंतू कुबलचं मशीन आडवं पडलं होतं. होडीच्या मागे लावतात ते जुनं आउटबोर्ड मशीन. खडकावर आपटून त्याचं झाकण फुटलं होतं, पंख्याचं एक पातं वाकलं होतं, आणि हलवलं की कुठून तरी अजून वाळू गळत होती.

मशीन मिळालं होतं. होडीच्या फळ्या मिळाल्या होत्या. अंतू मिळाला नव्हता.

भालू म्हणजे भालचंद्र मेथर. खाडीच्या दोन्ही काठांवरचा आजचा पहिल्या नंबरचा मिस्त्री. निदान त्याच्या दुकानावरच्या पाटीवर तसं लिहिलेलं होतं आणि पाटी त्यानेच रंगवून घेतली होती. काम तो ह्याच मांगरात शिकला. वस्तादांच्या हाताखाली नट-पाने धुतले, शिव्या खाल्ल्या, आणि हात बसल्यावर एक दिवस नमस्कार करून निघून गेला. त्यात वावगं काही नाही. चेला कधी ना कधी जायचाच.

पण जाताना त्याने वस्तादांची विद्या नेली आणि रीत तेवढी इथेच ठेवली.

रीत अशी होती. दुरुस्त केलेलं मशीन होडीला लावलं की पहिली फेरी मिस्त्रीने मारायची. तीही खाडीतल्या संथ पाण्यात नाही. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे, तिथे लाटा फुटतात. तो दांडा ओलांडून बाहेर जायचं, मशीनची मूठ पुरती पिळायची, आणि परत यायचं. मगच मशीन मालकाच्या हाती द्यायचं. शिकत असताना ह्या फेऱ्यांत भालूने पोटातलं सगळं कितीदा तरी समुद्राला वाहिलं होतं. म्हणून स्वतःचं दुकान काढल्यावर त्याने पहिलं काम काय केलं, तर दारात एक मोठं पिंप आणून ठेवलं. पिंपात पाणी भरायचं, मशीन त्याच्या काठाला अडकवायचं, दोरी ओढायची. भर्र करून चाललं की काम फत्ते. ना भरतीची वाट बघायची, ना उलट्या. लोकांनाही ते आवडलं. जो तो घाईत असतो.

अंतूचं मशीन त्याने असंच पिंपात चालवून दिलं होतं. अंतू त्याचा शाळेपासूनचा दोस्त. “बघ, कसा गाणा म्हणता!” असं म्हणून भालूने त्याच्या पाठीत धपाटा मारला होता.

दांड्यावर ते गाणं बंद पडलं.

“खोललंस?” वस्तादांनी विचारलं.

“सगळा खोललंय!” भालू ओरडून म्हणाला. “कार्बोरेटर साफ! प्लगाक ठिणगी! माझ्या कामात खोट नाय, वस्ताद!”

वस्तादांशी ओरडूनच बोलावं लागायचं. जन्मभर मशीनपाशी कान घालून बसल्यामुळे ते ठार बहिरे झाले होते, असं सगळा गाव सांगे. ज्याला गुपित सांगायचं असेल त्याने त्यांच्याकडे जाऊ नये, असंही गाव म्हणे, कारण त्यांना सांगायचं म्हणजे अख्ख्या जेटीला सांगायचं. मांगर जेटीच्या टोकालाच होता. भालूला आज ते सोयीचंच वाटत होतं. आपली बाजू जेटीवर ऐकू गेली तर बरंच. मशीनसुद्धा त्याने हातगाडीवर घालून भर दुपारी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत आणलं होतं. माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही, हे त्याला न बोलता सांगायचं होतं.

“मगे बंद कित्याक पडला?”

“हवेचो स्क्रू!”

हे उत्तर तयार होतं. टाकीच्या झाकणावर एक छोटा स्क्रू असतो. तो सैल असला की टाकीत हवा जाते आणि पेट्रोल मशीनकडे येतं. दांडा ओलांडताना लाटेचं खारं पाणी टाकीत उडू नये म्हणून इथले लोक तो घटकाभर आवळतात आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा सैल करतात. करायला विसरलं तर मशीन उपाशी मरतं.

अंतू विसरला असणार, असं भालू पहिल्या दिवशी चहाच्या टपरीवर म्हणाला होता. दुसऱ्या दिवसापासून त्यातलं ‘असणार’ गळून गेलं. टाकी समुद्राने ठेवून घेतली होती, त्यामुळे खोटं ठरवायला कोणी नव्हतं. आता गावात पोरंसोरंही बोलत होती की अंतू स्वतःच्या हलगर्जीने गेला.

अंतूचे वडील दाजी कुबल हे सगळं ऐकत होते. ते जेटीच्या पायऱ्यांवर बसलेले असत. आत्ताही बसले होते. मांगराच्या दारातून त्यांची पाठ दिसत होती. बाहेर निघणाऱ्या प्रत्येक होडीला ते एकच सांगत.

“माका वांगडा न्या रे... दांड्याभायर.”

मला सोबत न्या, मी त्याला शोधतो. एवढंच त्यांचं मागणं. पण त्यांना सोबत न्यायला कोणी धजत नव्हतं. थकलेलं शरीर, त्यात डोळे कायम पाण्यात काही तरी शोधणारे. होडीत बसलेला असा माणूस कोणाला झेपतो? लोक “उद्या नेतंव, दाजी” म्हणत आणि दुसरीकडे बघत.

“मागसून येणाऱ्या होडयेन काय बघितल्यान?” वस्तादांनी विचारलं.

“तां कित्याक व्हया आता?”

“सांग.”

भालूने एक सुस्कारा टाकला. “दांड्यार गेल्यार मशीनाचो आवाज बसलो. अंतून मूठ पिळल्यान, तर आवाज आणखी बसलो. मूठ सैल केल्यान, तर मशीन बरा चलला. परत पिळल्यान, परत बसलो.”

“मगे?”

“मगे तो वाकलो... पाइपावरचो रबरी गोळो दाबूक लागलो. हातान पेट्रोल फुडे ढकलूक.”

“दाबल्यार?”

“आवाज वाढलो. इल्लोसो. मगे परत बसलो. तो दाबीत रवलो...” भालूचा आवाज आपोआप खाली आला. “मगे लाट इली.”

वस्तादांनी मान हलवली.

बाहेर कोणी तरी होडीत बर्फ ओतत होतं.

“हवेचो स्क्रू बंद असतो,” वस्ताद सावकाश म्हणाले, “तर टाकीत हवा जाऊक नाय म्हणान गोळो चेपान बसलो असतो. दाबूक काय रवलाच नसता.”

“तसाच काय नाय... कधी कधी...”

“माझ्याकडे शिकलंस ना तू?”

“होय.”

“मगे?”

भालूने मान वळवली. त्याला हे ठाऊक नव्हतं असं नाही. टपरीवर पहिल्यांदा तोंड उघडलं तेव्हाच ठाऊक होतं. मागच्या होडीतल्या माणसाने गोळ्याची गोष्ट सांगितली, त्याच क्षणी स्क्रू सैलच होता हे त्याने ओळखलं होतं. पण मिस्त्रीचं नाव एकदा गेलं की गेलं. आणि मेलेल्या माणसाला नावाचं काय करायचं असतं, असा विचार त्याने केला. केला म्हणजे केलाच. आपल्याच दोस्ताबद्दल केला.

“पाइप?” वस्तादांनी विचारलं.

“पाइप नवो!” भालूला एकदम जोर आला. “मीच घातललो! फुंकान बघितललंय! एकदम साफ!”

पाइप मशीनच्या बाजूला वेटोळं होऊन पडला होता; गोळा टाकीबरोबरच गेला होता. पिवळा, चकचकीत. एवढ्या आपटाआपटीतही त्याला ओरखडा नव्हता. शहरात गेला असताना भालूने त्याचं मोठं भेंडोळं आणलं होतं. काळ्या, चिरलेल्या जुन्या पाइपांच्या जागी त्याने तो पिवळा पाइप घालायला सुरुवात केली, तेव्हा लोक एकमेकांचं बघून मागून घ्यायला लागले होते. होडीला नवं काही तरी केल्यासारखं वाटायचं.

वस्तादांनी पाइप उचलला. बोटांमधून सरकवत शेवटापर्यंत नेला. मग एक टोक भालूच्या हातात दिलं आणि दुसऱ्या टोकासमोर आपला तळहात धरला.

“फुंक.”

भालूने फुंकलं. वारा सुर्रकन वस्तादांच्या तळहातावर आला.

“साफ!” भालू म्हणाला. तो हसलासुद्धा.

“मशीन फुंकता?”

भालूचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला जीव गेला.

“...नाय.”

“काय करता?”

“...ओढता.”

“मगे ओढ.”

वस्तादांनी कोपऱ्यातला पाण्याचा तांब्या पुढे घेतला आणि पाइपाचं टोक त्यात बुडवलं. भालूने दुसरं टोक ओठांत धरलं. हळूच ओढलं. पाणी चढलं, जिभेला लागलं. त्याने घाईघाईने मान वर केली.

“येता! बघा, पाणी येता!”

“ह्या तुझ्या पिंपातला ओढणा. पिंपात मशीन कोणाक ढकलता? नुसत्या पाण्याक, होडयेक नाय.” वस्तादांनी दाराबाहेर, खाडीच्या तोंडाकडे हात केला. “थय मशीन ओढता तसा ओढ.”

भालूने पुन्हा टोक तोंडात धरलं. ह्या वेळी छाती भरून ओढलं.

पाणी आलं... आणि थांबलं.

त्याने आणखी जोर केला. गाल आत गेले. काही नाही. पाइप बाहेरून तसाच गोल, तसाच चकचकीत. कुठे दुमडला नव्हता, कुठे चेपला नव्हता. आणि आत मात्र कोणी तरी गळा आवळून धरला होता. जितकं जास्त ओढावं तितकं घट्ट.

त्याच वेळी वस्तादांनी पुढे होऊन दोन बोटांनी त्याचं नाक धरलं.

भालू दचकला. तरी तोंडातला पाइप त्याने सोडला नाही. का सोडला नाही ते त्याला नंतरही कधी सांगता आलं नाही. त्याने ओढलं. छाती वर आली, बरगड्या ताणल्या, कानांत ढोल वाजायला लागले. डोळ्यांसमोर पिवळं पिवळं झालं. अजून ओढलं. काही आलं नाही...

त्याने पाइप भिरकावला आणि तोंड उघडून श्वास घेतला.

तोंड उघडलं की हवा होती. मांगरभर हवा होती. अंतूने तोंड उघडलं तेव्हा तिथे पाणी होतं, हे भालूला त्या श्वासाबरोबरच कळलं आणि तो मटकन खाली बसला.

वस्तादांनी कंबरेचा चाकू काढला. पाइपाच्या टोकाचा बोटभर तुकडा कापला, उभा चिरला आणि भालूसमोर धरला. बाहेरची पिवळी कातडी जाड आणि धड होती. आतलं पातळ अस्तर मात्र पेट्रोलने फुगून तिच्यापासून सुटलं होतं, भाजलेल्या वांग्याची साल सुटते तसं. फुंकलं की ते कडेला चिकटायचं आणि वाट मोकळी व्हायची. जोरात ओढलं की मधोमध येऊन तोंड बंद करायचं. ओढणं थांबवलं की पुन्हा कडेला. बघणाऱ्याला कधी काही दिसायचंच नाही.

“खयच्या खयच्या होडयेक घातलंस?”

भालूने दाराबाहेर बघितलं.

भरती भरत आली होती. जेटीला लागलेल्या होड्या वर उचलल्या गेल्या होत्या, आणि प्रत्येक मशीनपासून टाकीपर्यंत, उन्हात चमकत, पिवळा पाइप. जिकडे बघावं तिकडे पिवळं. माणसं जाळी चढवत होती, एकमेकांना शिव्या देत हसत होती. आता सगळे निघणार होते. दांड्यावर पोहोचले की सगळे मूठ पिळणार होते.

भालू उठला आणि वस्तादांच्या जवळ आला. अगदी कानाशी.

“वस्ताद... पाइप खराब आसा.”

वस्तादांनी कानामागे हात धरला. “काय?”

“पाइप... मी घातललो पाइप खराब आसा.”

“आयकाक येना नाय.”

भालूने दाराकडे बघितलं. दाजींची पाठ हलली नव्हती. “वस्ताद, मी एकेकाच्या घराक जाऊन बदलून देतंय. उद्या. कोणाक काय सांगूची गरज नाय. आज तुमी कायतरी सांगा... वारो बरो नाय म्हणान सांगा. तुमचा आयकतले.”

“आयकाक येना नाय, भालू.”

“वस्ताद!”

“मघाशी बरा आयकाक येय होता,” वस्ताद म्हणाले. “कार्बोरेटर साफ. प्लगाक ठिणगी. माझ्या कामात खोट नाय... जेटीपर्यंत आयकाक गेला ता.”

बाहेर एका मशीनची दोरी ओढल्याचा आवाज आला. मग दुसरी ओढ. मशीन धरलं आणि घरघरायला लागलं. कोणाची तरी होडी पायऱ्यांपासून सुटली. दाजींचा हात वर झाला, काही तरी म्हणाले असतील, आणि होडी त्यांना टाळून खाडीच्या तोंडाकडे वळली.

भालूचे पाय आपोआप दारात आले. तोंड उघडलं, पण आवाज निघेना. ज्या तोंडाने पाटीवरचं नाव गावभर मिरवलं, त्याच्यातून आता साधं ‘थांबा’ बाहेर पडेना. नुसती हवा. जितका जोर करावा तितका गळा आवळला जात होता.

होडी पुढे गेली. तिचा पिवळा पाइप लांबूनही भालूला चमकताना दिसत होता.

“थांबाऽऽ!”

तो किती मोठ्याने ओरडला ते त्यालाही कळलं नाही. जेटीवरची माणसं गर्रकन वळली.

“होडी फिरवा! जाव नका! पाइप खराब आसत! पिवळे... सगळे पिवळे पाइप खराब आसत! दांड्यार मशीन मरतला! फिरवा रे तेका!”

कोणी तरी डोक्यावरचं फडकं सोडून हवेत फिरवलं. कोणी शिट्ट्या घातल्या. होडी जात राहिली, जात राहिली... मग तिचा आवाज उतरला. तिने वळण घेतलं.

भालूने दाराची चौकट धरली. झालं, त्याला वाटलं. सांगून झालं.

मागून वस्तादांचा आवाज आला.

“आणि?”

भालूने वळून बघितलं नाही. आणि म्हणजे काय, हे त्याला विचारायची गरज नव्हती. होड्या थांबवणं सोपं होतं. जिवंत माणसांसाठी कोणीही ओरडतं. पण दाजी आता पायऱ्यांवर उभे राहिले होते आणि त्याच्याकडे बघत होते.

“आणि...” भालू म्हणाला. मग सगळ्या जेटीला ऐकू जाईल असं, एकेक शब्द सुटा करून, तो म्हणाला, “अंतून स्क्रू बंद ठेवल्यान नव्हतो. मी खोटा बोललंय. पाइप माझो होतो. मशीन मी दांड्यार नेवन बघूक नाय. पिंपात बघितलंय.”

लोकांनी त्याला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. एकेक जण आपापल्या होडीत उतरला, मशीनचा पाइप उपटला आणि मांगरासमोर आणून टाकून गेला. एकाने टाकताना भालूच्या पायावर थुंकलं. बाकीच्यांनी तेवढीही दखल घेतली नाही. दारासमोर पिवळ्या पाइपांचा ढीग झाला. वस्ताद मांगराच्या आड्याला टांगलेले जुने काळे पाइप काढून देत होते. किती वर्षांपासून त्यांनी ते जपून ठेवले होते कोण जाणे.

सगळ्यांच्या शेवटी दाजी आले.

ते ढिगाकडे गेले नाहीत. सरळ आत आले. आपल्या मुलाच्या मशीनपाशी उकिडवे बसले, फुटक्या झाकणावर हात ठेवला. मग त्याचा पाइप उचलला आणि वस्तादांकडे बघितलं.

वस्तादांनी तांब्या पुढे सरकवला.

दाजींनी टोक तोंडात धरलं आणि ओढलं. दात नसलेल्या तोंडाचे गाल खोल खोल आत गेले. गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या. ते ओढत राहिले. भालूला “पुरे” म्हणायचं होतं. त्याने दोनदा हात पुढे केला आणि दोनदा मागे घेतला. आपल्या पोराचा जीव कसा गेला ते बापाने तोंडाने चाखून बघावं आणि आपण उभं राहून ते बघावं, ह्याहून मोठी शिक्षा कुठल्या पंचांनी त्याला दिली नसती.

शेवटी दाजींनी पाइप खाली ठेवला. नीट वेटोळं करून ठेवला. बराच वेळ ते धापा टाकत राहिले.

“म्हणजे माझो झील इसारलो नव्हतो,” ते म्हणाले.

“नाय, दाजीकाका,” भालू म्हणाला. “इसारलो नव्हतो.”

“तो लहानपणापासून कायेक इसारी नसा.”

“होय.”

“लोक म्हणी होते इसारलो.”

“...मी म्हटललंय, काका.”

दाजींनी मान हलवली. माफ केलं असं ते म्हणाले नाहीत, आणि तसं त्यांच्या तोंडावरही कुठे नव्हतं. ते गुडघ्यांवर हात टेकून उठले, बाहेर गेले आणि आपल्या पायरीवर जाऊन बसले. पहिली होडी काळा पाइप लावून निघाली.

“माका वांगडा न्या रे... दांड्याभायर.”

“उद्या नेतंव, दाजी.”

भालू दाराबाहेर येऊन उभा राहिला. एकेक होडी दांड्याकडे जात होती. पिवळा ढीग त्याच्या पायाशी होता. घरी जाण्याचा रस्ता ह्याच जेटीवरून जात होता आणि त्याचं पाऊल उचलत नव्हतं. पाटी, पिंप, दुकान, सगळं त्याला एकदम परक्याचं वाटायला लागलं. मांगराकडे त्याची पाठ होती. वस्ताद आत, मशीनपाशी, गोणपाटावर सांडलेली वाळू हाताने गोळा करत होते.

भालूचे ओठ हलले. त्याने ते कोणाला ऐकवण्यासाठी म्हटलंच नव्हतं. खाडीकडे तोंड करून, श्वासातल्या श्वासात, त्याचं त्यालाही जेमतेम ऐकू जाईल इतक्या हळू तो पुटपुटला.

“आता माझ्या हातात मशीन कोण देतलो...”

मागे वाळू गोळा करणारा हात थांबला.

“आधी अंतूचा मशीन परत बांध,” वस्ताद म्हणाले. “आणि पयल्या फेरीक दाजीक वांगडा घे.”